लुरलीनचा कोपरा

हिकरी फोर्क, अलाबामा
रविवार, ९ सप्टेंबर १९७९

केझिया बाळा,

तुला बसमध्ये बसवून आले त्याला आठ दिवस झाले आणि घरात अजून तुझ्या केसांच्या तेलाचा वास आहे. खिडक्या मी मुद्दामच उघडल्या नाहीत. तुझा क्लोव्हिसकाका म्हणतो, "बाई, पोरगी नॅशव्हिलला गेलीय, चंद्रावर नाही." त्याला पोर ना बाळ, त्याला काय कळणार.

एक सांगून ठेवते. फोन करू नकोस. आपली लाईन अजून पाच घरांत मिळून एकच आहे आणि चर्चमधली आपली सिस्टर अर्नेस्टीन रिसीव्हर कानाला लावूनच जेवायला बसते. मागच्या वर्षी तू फोनवर दोनदा खोकलीस, तर रविवारी चर्चमध्ये तिघींनी मला काढ्याची कृती सांगितली. तेव्हा पत्रच लिही.

फीचं काही विचारायचं नाही. वर्षाची भरली आहे, पावती तुझ्या ट्रंकेत मोज्यांखाली ठेवलीय. कुठून भरली, कशी भरली, हे तुझं काम नव्हे. जेवायला बसल्यावर चूल कुणी पेटवली म्हणून विचारतेस का कधी?

तुझा बाप, माझा अमोस, चौदाव्या वर्षी शाळा सोडून कापसात उतरला. मी शाळेत गेले ती स्वयंपाकघराच्या दाराने, आणि तेवीस वर्षं झाली, तिथेच पोरांचा घेवडा ढवळतेय. गिडियन आजोबांनी ही ऐंशी एकर घेतली तेव्हा त्यांना सही येत नव्हती. आपल्या घरात जमीन आहे, पदवी नाही. ती आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस.

डब्यातली रताळ्याची पाई एकटीने खाऊ नकोस. खोलीतल्या पोरीला दे. म्हणजे तिला कळेल कुणाच्या घरची आहेस ते.

तुझी,
लुरलीन आत्या

—

नॅशव्हिल, टेनेसी
३० सप्टेंबर १९७९

लाडक्या आत्या,

पाई दिली. खोलीतली मुलगी शिकागोची आहे, नाव व्हर्नेल. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "तुमच्याकडे वीज आली का गं?" मी म्हटलं, "आली ना, पण आम्ही ती रविवारीच वापरतो." दोन दिवस तिला खरं वाटलं! आता ती तुझी दुसरी पाई कधी येणार ते रोज विचारते.

अभ्यास अवघड आहे, पण मला जमतो. एक विषय कायद्याचा आहे, व्यापार करणाऱ्यांना लागतो तेवढा. शिकवतात ते डॉ. होझिया टिलमन. पाद्रीबाबा मयताला बोलतात तसा आवाज आहे त्यांचा, त्यामुळे वर्गात कुणी झोपत नाही.

आणि आत्या, मी ओळखलं! फी चर्चच्या बायकांनी भरली ना? जूनमध्ये शाळा संपवलेल्या पोरांना चर्चमध्ये उभं करतात, तेव्हा त्या सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या, तेव्हाच मला संशय आला होता. तू सांगणार नाहीस, म्हणून मी थेट रेव्हरंड स्टोव्हॉलना आभाराचं पत्र पाठवलंय. चांगलं दोन पानी. चुकलं नाही ना काही?

तुझी,
केझिया

—

हिकरी फोर्क
१४ ऑक्टोबर १९७९

केझिया थ्रेडगिल,

पूर्ण नावाने हाक मारली यावरून काय ते समज.

तुझं दोन पानी पत्र रेव्हरंडनी आज भर प्रार्थनेत वाचून दाखवलं. "माझ्या शिक्षणाचा भार आपण भगिनींनी उचललात..." अगं, भगिनी एकमेकींची तोंडं बघायला लागल्या! सहा महिन्यांत त्यांनी उचललाय तो फक्त वारा घ्यायचा हातपंखा. आणि सिस्टर अर्नेस्टीन? उठून उभी राहिली, हॅट सावरली आणि म्हणाली, "आम्ही आमचं कर्तव्य केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाकावर बसून आतल्या आत खदखदत होते.

तेव्हा आता सांगतेच. नाहीतर तू राष्ट्राध्यक्षांनाही आभाराचं पत्र पाठवशील.

मी माझा कोपरा विकला.

रस्त्याकडचा, काळ्या अक्रोडाच्या झाडापर्यंतचा. साडेपाच एकर. माझा नवरा लूथर गेल्यापासून तिथे मी शेंगदाण्याशिवाय काही लावलेलं नाही. घर मात्र मरेपर्यंत माझं, तसं तोंडी ठरलंय. मोबीलहून एक गोरे गृहस्थ आले होते, मि. कॉयल. इमारती लाकडाच्या कंपनीचे. केझिया, त्या माणसाने पायरीवर टोपी काढली आणि मला "मिसेस मिम्स" म्हणाला. सत्तावन्न वर्षांची झाले. या जिल्ह्यात आजवर एकही गोरा मला लुरलीनच्या पुढे काही म्हणालेला नाही. बरेच जण तर तेवढंही म्हणत नाहीत, नुसतं "ए बाई" म्हणतात. त्याने माझ्याच टेबलावर कागद ठेवला, पेन माझ्या हातात दिलं, मी सही केली. कोर्टाच्या वाटेलाही जावं लागलं नाही. गिडियन आजोबा म्हणायचे तेच खरं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

क्लोव्हिसला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. माझा कोपरा होता, मी विकला.

आत्या

—

नॅशव्हिल
४ नोव्हेंबर १९७९

आत्या,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

गुरुवारी डॉ. टिलमननी वारसांच्या जमिनीवर शिकवलं. ते म्हणाले, आपल्या काळ्या लोकांनी अर्ध्या शतकात जितकी जमीन गमावली, त्यातली कितीतरी कुणी बंदुकीने हिसकावली नाही, कागदाने काढून घेतली. आजोबा मृत्युपत्र न करता जातो, कारण त्याचा कोर्टावर विश्वास नसतो. मग जमीन सगळ्या वारसांची होते. सगळी, सगळ्यांची. घरातले लोक आपापसात म्हणतात, हा तुकडा तुझा, तो माझा. पण कायद्याला ते तुकडे दिसत नाहीत.

मी हात वर केला. विचारलं, "सर, त्यातल्या एकीने आपला कोपरा विकला तर?" ते म्हणाले, "बाई, तिला कोपरा नसतोच. ती विकते तो सगळ्या जमिनीतला हिस्सा. आणि घेणारा मग कोर्टात जाऊन म्हणतो, आमचं एकत्र जमत नाही, सगळं विकून पैसे वाटून टाका. लिलावाला पैसे घेऊन तोच उभा असतो."

मी ते वहीत शब्दशः उतरवून घेतलं, आत्या. तू सही केलीस त्या कागदावर नक्की काय लिहिलंय? शब्द न् शब्द लिहून पाठव. आणि यापुढे कुठल्याही कागदावर सही करू नकोस, तो माणूस तुला राणी म्हणाला तरी.

केझिया

—

हिकरी फोर्क
११ नोव्हेंबर १९७९

केझिया,

तुला शिकायला पाठवलं ते मला अक्कल शिकवायला का?

या गावात शेंबड्या पोरालाही विचार, लुरलीनचा कोपरा कुठे संपतो. अक्रोडाच्या झाडाशी संपतो. क्लोव्हिसची गुरं झाडापलीकडे चरतात, माझी कोंबडी झाडाअलीकडे. चाळीस वर्षांत यावरून भांडण नाही. आणि तुमच्या त्या डॉक्टरला म्हणे दिसत नाही! त्याला म्हणावं ये इथे, झाड दाखवते.

कागद मी बायबलमध्ये ठेवलाय, तो घराबाहेर पाठवणार नाही. पण तुझ्या समाधानासाठी उतरवून देते. "...मिसेस लुरलीन थ्रेडगिल मिम्स या, कै. गिडियन थ्रेडगिल यांच्या ऐंशी एकर मिळकतीतील आपला संपूर्ण अविभक्त हिस्सा, हक्क व हितसंबंध..." पुढे सगळी कंपनीची नावं आहेत. बघ, हिस्सा लिहिलंय. आपला हिस्सा. ऐंशी एकर लिहिलंय ते पत्ता म्हणून.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला येणार नसशील तर तसं कळव. टर्की लहान आणते.

आत्या

—

नॅशव्हिल
२१ नोव्हेंबर १९७९

आत्या,

ते पत्ता म्हणून लिहिलेलं नाही.

तू उतरवून दिलेला मजकूर मी डॉ. टिलमनना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्या कागदात अक्रोडाचं झाड नाही. रस्ता नाही. साडेपाच एकरही नाही. तू विकलास तो ऐंशी एकरातल्या प्रत्येक मुठीतला तुझा वाटा. क्लोव्हिसकाकाच्या गोठ्याखालचाही. ओढ्याकाठी आपली माणसं पुरली आहेत, तिथलाही.

त्यांना तुझा कोपरा नकोच होता. त्यांना ओढ्यापर्यंतची पाईनची झाडं हवी आहेत. सगळी.

चूक तुझी नाही, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू माझ्यावर आणखी चिडशील. पण हे माझ्यासाठी झालं, हे मला दिवसरात्र टोचतंय. मी ट्रंक भरली आहे. पुढच्या सत्राची फी परत मागते, ती त्या माणसाच्या तोंडावर मारू आणि हिस्सा परत घेऊ. मला इथे शिकायचं नाही. घर विकून मिळालेली पदवी मी कुठल्या भिंतीवर लावू?

क्लोव्हिसकाकाला सांग. आजच.

केझिया

—

हिकरी फोर्क
१३ जानेवारी १९८०

केझिया,

दोन महिने तुला पत्र लिहिलं नाही. लाज वाटत होती. नाताळात तू घरी होतीस तेव्हाही मी तुझ्याशी धड बोलले नाही, नुसती स्वयंपाक करत राहिले. तुला वाटलं रागावलेय. रागावले नव्हते.

मंगळवारी शेरीफचा माणूस आला. क्लोव्हिस गोठ्यात होता. त्याच्या हातात कोर्टाची नोटीस दिली. कंपनीचं म्हणणं, एक्केचाळीस वारसांत ही जमीन वाटताच येणार नाही, म्हणून सगळी लिलावात काढा. १७ मार्चची तारीख आहे. क्लोव्हिस नोटीस घेऊन माझ्या ओट्यावर आला. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. म्हणाला, "लुरलीन, मी आता सत्तरीत कुठे जाऊ?" मारलं असतं तर बरं झालं असतं.

चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही. आपल्या भावकीतल्या, डेट्रॉइटच्या ह्युबर्टने फोनवर मला सांगितलं, की त्याला त्या चिखलाशी काही देणंघेणं नाही, विकून टाका, त्याचा वाटा पाठवा. मी उत्तर देणार तोच लाईनवर तिसरा आवाज आला. "ह्युबर्ट थ्रेडगिल, तुझी आई त्याच चिखलात पुरलेली आहे आणि तिची शवपेटी माझ्या नवऱ्याने उचलली होती, लाज वाटू दे जरा!" सिस्टर अर्नेस्टीन! आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईचा मुका घ्यावासा वाटला.

आता ऐक. तुझी ट्रंक मला नाताळातच दिसली. सगळे कपडे भरून घरी आणलीस आणि तशीच भरलेली परत नेलीस. रिकामी कर. तू शिक्षण सोडून आलीस तर त्यांनी जमीन घेतली ती घेतलीच, वर पोरगीही घेतली. माझा हिस्सा गेला तो तुझ्या शाळेत गेला. तो तिथून उठवून आणायचा नाही. चूक मी केली, ती निस्तरायला मी आहे. पण कशी निस्तरायची ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे, किंवा तू विचारू शकतेस. तेव्हा विचार, आणि मला हुकूम कर. तुझ्या आत्याने आजवर कुणाचा हुकूम ऐकलेला नाही, हे लक्षात ठेवून कर.

आत्या

—

नॅशव्हिल
१९ जानेवारी १९८०

आत्या,

ट्रंक रिकामी केली.

आणि ऐक, नोटीस मलाही आली. वसतिगृहाच्या दारात पोस्टमनने सही घेतली. प्रतिवादी क्रमांक सत्तावीस, केझिया थ्रेडगिल, कै. अमोस यांची मुलगी. व्हर्नेल घाबरली, तिला वाटलं मी कुणाचा खून केला. मी मात्र ते कागद हातात घेऊन हसत सुटले. बाबांनी माझ्यासाठी काही ठेवलं नाही, असं मी समजत होते. कंपनीनेच मला कळवलं की ठेवलंय! प्रतिवादी आहे ना, मग आता प्रतिवाद करते.

हुकूम असे.

सेल्माला मि. ऑर्व्हिल डॅबनी म्हणून आपल्यातलेच वकील आहेत, डॉ. टिलमनांचे जुने विद्यार्थी. त्यांच्याकडे क्लोव्हिसकाकाला घेऊन जा. बायबल सोबत ने. त्यातल्या मधल्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेत तेच आपले पुरावे आहेत.

कंपनी म्हणते, एक्केचाळीस तुकडे होत नाहीत. बरोबर आहे. पण तुकडे हवेत कुणाला? बाकी चाळीस जणांनी प्रत्येकाने लिहून द्यायचं, की आम्हाला एकत्र राहायचंय, आम्हाला वाटणी नको. फक्त कंपनीचा हिस्सा मोजून, जमिनीचं सरस-निरस, म्हणजे चांगलं-वाईट, बघून बाजूला काढून द्या. मग तुकडे होतात दोनच. चाळिसातला एक जरी फुटला तरी न्यायाधीशाला लिलावाचं निमित्त मिळेल. ह्युबर्टकडे सिस्टर अर्नेस्टीनला लाव.

आणि त्यांना द्यायला ओढ्यापलीकडची पाणथळ पट्टी दाखवायची. डास आणि बेडूक सोडून तिथे काही नाही. मि. डॅबनी तसंच म्हणतील. तू साक्ष देशील तेव्हा तूही तेच सांग. १७ मार्चला मला यायचंय.

प्रतिवादी क्रमांक सत्तावीस

—

हिकरी फोर्क
२३ मार्च १९८०

माझ्या प्रतिवादी,

१७ तारखेला तुझी परीक्षा होती. तू मला ती तारीख सांगितली नव्हतीस, पण व्हर्नेलने पाईचे आभार मानायला पत्र लिहिलं त्यात होती. म्हणून तुला तार केली, "सुनावणी पुढे ढकलली." खोटं बोलले. आता काय रागवायचं ते रागव.

आम्ही अठ्ठावीस जण गेलो. डेट्रॉइटहून दोन गाड्या, शिकागोहून बस, मोबीलहून, तिकडे दिलेल्या आपल्या ल्युएलाची सगळी पोरं. उरलेल्यांच्या सह्या डॅबनींच्या पिशवीत. ह्युबर्ट आला, सूट घालून, आणि येताना सगळ्यांना सांगत होता की ही कल्पना मूळ त्याचीच. गिडियन आजोबांपासून आपल्यातला कुणी त्या पायऱ्या चढला नव्हता. क्लोव्हिस खालच्या पायरीशी थांबला. मी म्हटलं, "चल, शहाणपणाने काय मिळवलं ते बघितलंय." मग चढला.

कंपनीचा वकील बोलला तासभर. मग डॅबनी बोलले आणि ओढ्यापलीकडची पट्टी दाखवली. कंपनीचा वकील उठला. म्हणाला, ही तर दलदल आहे, याला वाटणी म्हणतात का? न्यायाधीशाने मान हलवली. केझिया, मला त्याच्या तोंडावर दिसलं, तो लिलावाकडे झुकत होता.

मग माझी साक्ष. उभी राहिले. न्यायाधीश म्हणाला, "तुम्ही विकलंत, तुम्हाला आता काय म्हणायचंय?"

मी म्हटलं, "साहेब, मी माझा कोपरा विकला. रस्त्यापासून अक्रोडाच्या झाडापर्यंत. चांगली, कोरडी, रस्त्यालगतची जमीन. यांनी कागदावर दुसरंच लिहिलं, ते मला वाचता आलं पण कळलं नाही. पण मी विकलं ते खोटं नाही. मी सौदा मोडणारी बाई नव्हे. मोजा आणि द्या यांना तो कोपरा. बाकीची जमीन विकायचा हक्क मला नव्हता, आणि विकत घ्यायचा यांनाही नव्हता."

डॅबनींनी कपाळावर हात मारला. कारण घर त्याच कोपऱ्यात आहे. मी तिथे काय बोलणार ते तुलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस.

कंपनीचा वकील फणकारला, "तुम्हाला हे सगळं कुणी पढवलं? तुमचा वकील कोण?"

म्हटलं, "माझी वकील नॅशव्हिलला आहे. आज तिची परीक्षा आहे, म्हणून आली नाही."

आपली माणसं हसली. न्यायाधीशाने हातोडा आपटला, पण उशिराच आपटला. मग त्याने कंपनीच्या वकिलाला विचारलं, रस्त्यालगतची, कोरडी, हिश्श्याएवढी जमीन, यात तुमचं नुकसान काय ते सांगा. त्याला सांगता येईना. झाडं हवी होती असं कसं सांगणार.

साडेपाच एकर त्यांना. साडेचौऱ्याहत्तर आपल्या लोकांकडे, एकत्र. घर हलवायचं असेल तर तीस दिवस, नाहीतर घरही त्यांचं.

पायऱ्या उतरताना क्लोव्हिसने माझा हात धरला. मी नऊ वर्षांची असताना विहिरीवर धरला होता, त्यानंतर आत्ताच.

आत्या

—

नॅशव्हिल
३० मार्च १९८०

आत्या,

तू खोटारडी आहेस. तू हट्टी आहेस. तारेवर पैसे खर्च करून खोटं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तुझं पत्र मी डॉ. टिलमनना वाचून दाखवलं. "माझी वकील नॅशव्हिलला आहे" इथे आले आणि तीच ओळ पुन्हा वाचली. ते म्हणाले, "मिस थ्रेडगिल, आता तुम्हाला हे खरं करून दाखवावं लागेल. साक्ष शपथेवर झालेली आहे." कायद्याच्या शाळेचा अर्ज मी आत्ताच मागवला आहे. पदवीनंतर तीन वर्षं आणखी लागतील. इथल्या एका विमा कंपनीने पदवी झाल्यावर नोकरी देऊ केली होती, चांगली होती, त्यांना नाही कळवलं.

पण तुझं घर, आत्या. लूथरमामांनी बांधलेलं. तू माझ्यासाठी जमीन दिलीस आणि आता घरही, आणि मी इथे बसून कलमं पाठ करतेय. मला भयंकर राग येतोय आणि तो कुणावर काढू ते कळत नाही. तू आता राहणार कुठे?

परीक्षेत पहिली आले. हे तुला सांगायची इच्छा नव्हती, पण सांगते.

केझिया

—

हिकरी फोर्क
१३ एप्रिल १९८०

केझिया बाळा,

पहिली आलीस हे सिस्टर अर्नेस्टीनला मी स्वतः फोन करून सांगितलं. तेवढीच मेहनत, बाकी तीन घरांना तिने सांगितलं.

राहणार कुठे विचारतेस? माझ्या घरात. दुसरं कुठे?

ईस्टरला कोर्टात आलेले आपले सगळे परत आले, आणखी पोरंबाळं घेऊन. सोमवारी सकाळी क्लोव्हिसने घराखाली जॅक लावले, चारी कोपरे उचलले, खाली पाईनचे ओंडके सरकवले. पुढे दोन ट्रॅक्टर, मागे आपली माणसं. ह्युबर्टने सूट काढला आणि ओंडके उचलून पुढे नेऊन टाकले, मला वाटलं नव्हतं त्याच्यात इतकी ताकद असेल. आणि मी घरात होते. सगळे म्हणाले, "बाहेर ये, वेडी झालीस का?" मी चूल विझवली नाही. आत चवळी शिजत होती, खारवलेलं मांस घालून, चाळीस माणसांची. घर हललं की मी पातेलं धरायची. असं करत करत आम्ही अक्रोडाच्या झाडापलीकडे गेलो, घर, चवळी आणि मी.

मि. कॉयल रस्त्यावर गाडी लावून बघत होता. ल्युएलाच्या धाकटीने त्याला ताटलीत चवळी नेऊन दिली. मी सांगितलं नव्हतं, तिने आपणहून नेली. त्याने खाल्ली की नाही बघितलं नाही. मला काम होतं.

आज रेव्हरंडनी जाहीर केलं, की यापुढे या चर्चमध्ये मृत्युपत्र केल्याशिवाय कुणी मरायचं नाही. लोक तेरा-चौदा आत्ताच माझ्याकडे नाव देऊन गेलेत, पोरगी सुट्टीत कधी येते विचारतात. म्हटलं, जूनमध्ये येईल, कागद घेऊन येईल, पण सल्ला वकील झाल्यावरच देईल, तोवर मरायची घाई करू नका. डॅबनी त्यांचं लिहून देतील, तू त्यांच्याशेजारी बसून शिक.

राग करतेस म्हणालीस. करू नकोस असं मी म्हणणार नाही. पण माझ्यावर दया करायची नाही, ते मला चालायचं नाही. माझ्या नावावर आज या जिल्ह्यात वीतभरसुद्धा जमीन नाही, हे खरं. कायद्याने मी इथली कुणी नाही. पण मी डॅबनींना विचारलं, घर आता उभं आहे ती जागा नक्की कुणाची? ते म्हणाले, कुणा एकाची नाही, अविभक्त आहे. प्रत्येक मुठीत सगळ्यांचा वाटा आहे. क्लोव्हिसचा, ह्युबर्टचा, ल्युएलाचा, केझियाचा.

म्हणजे मी सकाळी ओट्यावरून खाली पाय टाकते ना, तो थोडा तुझ्यावर पडतो. हे मला त्या मेल्या कागदानेच शिकवलं. फार महाग पडलं, पण शिकले.

आता अभ्यासाला बस.

लुरलीन आत्या